सिस्टरचे फोन विहिरीवर

नाव : सारजा बापूसाहेब कोकरे
वय : ५७ वर्षे (आधार कार्डावर ५९ आहे, ते चूक आहे)
धंदा : शेती व दूध
राहणार : ओढ्याकडची वस्ती, पणदरे, ता. बारामती, जि. पुणे
दिनांक : गुरुवार, १० एप्रिल २०२५

मी पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते की, मला कुणी बोलावलेले नाही, कुणी धरून आणलेले नाही. पणदऱ्याहून एसटीने एकटी आले आहे. आमचे शेजारी कुंडलिक गावडे यांनी आमच्या घराविरुद्ध तक्रार दिली आहे, तिच्यात माझे म्हणणे घ्यावे. माझे दीर दादासो कोकरे यांनी माझ्या नावाने एक उलटी तक्रार लिहून तयार ठेवली आहे. तिच्यावर माझी सही नाही आणि होणारही नाही. लिहून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकू, मुद्द्याचं बोला." हाच मुद्दा आहे. पण तो कळायला आधीचे सांगावे लागेल, ते सांगते.

बापूसाहेब हे माझे पती, वय चौसष्ट. आम्हाला एकच मुलगी, रेश्मा, तिला इंदापुरात दिली आहे. दादासो हे पतींचे सख्खे धाकटे भाऊ. ते वस्तीवरच शेजारच्या खोल्यांत राहतात. चूल वेगळी, विहीर एक, ऊस एकत्र. आमच्या उसाला लागून ओढ्याच्या अंगाला कुंडलिकरावांचे रान आहे. मध्ये बांध आहे. बांधावरची बाभळ कुणाची यावरून दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. बाभळ केव्हाच वठून गेली, बोलणे काही सुरू झाले नाही. लग्नाला जातो, मयताला जातो, पण वाटेत समोर आलो तर एकाने कडेने निघून जायचे अशी रीत पडली आहे.

माझ्या पतींचे हृदय कमजोर आहे. बारामतीत हृदयाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितले की हृदय नीट जोर करत नाही, त्यामुळे अंगात पाणी साठते. आधी पाय सुजतात, मग पाणी छातीत चढते, मग माणसाला आडवे पडता येत नाही. गेल्या वर्षात दोनदा तसे झाले आणि दोन्ही वेळा ॲडमिट करावे लागले. दुसऱ्या खेपेला पती म्हणाले, "मला हितं मरायचं न्हाय, माझ्या वस्तीवर न्या." मी डॉक्टरांना म्हणाले, घरी नेते, काय काय करायचे ते शिकवा, मी करते.

तेव्हा दवाखान्याने आम्हाला फोनवरच्या देखरेखीत घेतले. रेश्माने तिचा जुना टचचा फोन दिला. दवाखान्याने वजनकाटा आणि ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायची क्लिप दिली. रोज सकाळी पती परसाकडे जाऊन आले की चहाच्या आधी त्यांना काट्यावर उभे करायचे, बोटाला क्लिप लावायची, नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का बघायचे आणि त्याचा फोटो काढायचा. हे सगळे फोनवरून दवाखान्यात जाते आणि उत्कर्षा नावाच्या सिस्टर ते बघतात. पहिला आठवडाभर मी पतींच्या नडगीऐवजी माझ्या अंगठ्याचेच फोटो पाठवत होते. सिस्टर हसल्या, मीही हसले. आता माझ्याइतका सरळ फोटो रेश्मालासुद्धा येत नाही. या मंगळवारपर्यंत एकदाही ॲडमिट करावे लागले नाही, हे लिहा.

सिस्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, "काकू, माझ्याकडे पुष्कळ पेशंट आहेत, रोज फोन करणार नाही. आकडे बरे असले तर फोन नाही. माझा फोन आला तर समजायचं, गोळी बदलायची आहे नाहीतर घेऊन यायचंय. फोन चुकवायचा नाही." तेव्हापासून पतींचे एकच पालुपद, "शिस्टर गप हाय म्हंजे म्या ठणठणीत हाय." फोन आला नाही की स्वारी खुशीत.

आता मोटरीचे सांगते. आमच्या विहिरीवर मोबाईलचा स्टार्टर आहे. एक डबा आहे, त्यात सिम कार्ड घालायचे. घरबसल्या त्या नंबरवर फोन लावला की रिंग जाते, फोन आपोआप कट होतो आणि मोटर चालू होते. चांगल्या डब्यात ठरलेल्याच नंबरवरून चालू होते, आमचा स्वस्तातला, कुणाचाही फोन आला तरी चालू होतो. बंद मात्र विहिरीवर जाऊन हातानेच करायची. त्या डब्यातले सिम बरेच दिवस रिचार्ज नसल्यामुळे कंपनीने बंद केले होते. ऊस पाण्याला आला होता. दादासो रोज विहिरीवर खेपा घालून कावले होते आणि पती खाटेवरून उसाकडे बघून कावले होते.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी गोठ्यात धारा काढत होते, तेव्हा दोघा भावांनी माझ्या माघारी मसलत केली. रेश्माने दिलेल्या फोनमध्ये दोन सिम आहेत. एक रेश्माचे, त्यावर नेट चालते आणि आकडे जातात. दुसरे पतींच्या नावाचे. तोच नंबर दवाखान्यात लिहिलेला आहे आणि सिस्टरांचा फोन त्यावरच येतो. पती म्हणाले, एका फोनला दोन सिम कशाला, एक नुसतेच बसून आहे, मोटरीला घाल. दादासोंनी टाचणीने ते काढले आणि विहिरीवरच्या डब्यात नेऊन बसवले. हे मला पतींनी दवाखान्यात स्वतः सांगितले. काय बोलू आता? आमच्यात माणूस स्वतः एक वेळ उपाशी राहील, पण ऊस ताणावर जाऊ देणार नाही. जिवापेक्षा ऊस थोर.

सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे आकडे पाठवले. गेल्याची हिरवी खूण आली. ती खूण बघून पतींनी दादासोंकडे बघून मान हलवली. मला वाटले आकडा बरा आला म्हणून. ते दोघे सिम काढूनही सगळे चालते याची खात्री करून घेत होते. खरे तर त्या दिवशी वजन किलोभर वाढलेले होते. मंगळवारी आणखी वाढले आणि नडगीवरचा खड्डा लवकर भरेना. मी म्हणाले, हे बरे लक्षण नाही, तुम्ही लोणचे चोरून खाताय. पती म्हणाले, "शिस्टरचा फोन आला का? न्हाय ना? मग च्या आण." मलाही वाटले, सिस्टरांना तिकडे दिसतेच आहे, काही असते तर त्या गप्प बसल्या नसत्या. तरी संध्याकाळी डेअरीत दूध घालून आल्यावर मीच फोन लावायचे ठरवले होते.

सिस्टर गप्प नव्हत्या. त्या सोमवारी दुपारपासून फोन लावत होत्या. त्यांचा प्रत्येक फोन विहिरीवर जात होता. रिंग जायची, कट व्हायचा. सिस्टरांना वाटले, काकू रागावल्या आहेत का, फोन का तोडतात. इकडे मोटर चालू. या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची आहे, त्यामुळे लाईट जाईपर्यंत सोमवारी मोटर चालली. दादासोंना वाटले दादांनी (माझ्या पतींना ते दादा म्हणतात) खाटेवरून चालू केली, पतींना वाटले दादासोंनी केली. दोघेही खूश, एकमेकांना विचारले कुणी नाही. मंगळवारी दादासो पेंड आणायला इंदापूरला गेले होते आणि मी घरात. सिस्टरांनी त्या दिवशी सकाळपासून पुन्हा फोन लावले. ऊस आधीच भरलेला, पाणी बांध फोडून कुंडलिकरावांच्या रानात गेले. तिथे त्यांनी काढलेला कांदा आरण घालून ठेवला होता, म्हणजे ढीग रचून पातीने झाकलेला होता. तो पाण्यात बसला. वर्षभराचा कांदा तो. ते आणि त्यांची बायको भामाबाई दोघेही बारामतीला बाजारभाव बघायला गेले होते, त्यामुळे कुणी अडवायला नव्हते.

दुपारी चारच्या सुमारास कुंडलिकराव परत आले. पुढचे त्यांनी मला सांगितले आहे आणि त्यात एकही शब्द मला खोटा वाटत नाही. त्यांनी चिखलात उतरून आरणीची पाती उपसली, मग रागाने आमच्या विहिरीवर गेले आणि मोटर बंद केली. पुरावा म्हणून पोलिसांना दाखवू, नंबर कुणाचा आहे ते बघू, म्हणून त्यांनी डबा उघडून सिम काढले आणि स्वतःच्या फोनमध्ये घातले. घातल्या घातल्या फोन वाजला. सिस्टर म्हणाल्या, "काकू, किती फोन केले मी, का कट करता?" हे म्हणाले, "मी काकू न्हाय, मी कुंडलिक." सिस्टरांनी विचारले, त्यांच्या घराजवळ राहता का? हे म्हणाले, राहतो, पण आमचे बोलणे नाही. सिस्टर म्हणाल्या, "नसू दे. पळत जा. काकांच्या अंगात पाणी भरलंय, आत्ताच्या आत्ता बघायला पाहिजे. फोन ठेवू नका, मी लाईनवर आहे."

कुंडलिकराव बांध ओलांडून आमच्या वस्तीवर आले. हातात फावडे होते, कारण ते रानातून तसेच आले. ते फावडे त्यांनी आमच्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि मग अंगणात पुढे आले. हे मी दारातून स्वतः पाहिले आहे. बाई, हे ठळक लिहा. फावडे भिंतीला होते, हातात फक्त फोन होता.

आता त्यांचाही स्वभाव सांगते. कुंडलिकराव धने भिजवलेले गार पाणी नव्हेत, लोणच्याचा खार आहेत. आल्या आल्या निरोप सांगायचा सोडून त्यांनी आधी कांद्याचा राग काढला. "बापूसाब, भाईर ये! माझी आरण बुडवलीस, तुझ्या—" पुढचे शब्द बाईंनी लिहिले नाहीत, तिथे फुल्या मारा म्हणाले तर हसल्या. मीही घरातून ओरडले, "तोंड सांभाळा, घरात आजारी माणूस हाय!" त्यावर ते म्हणाले, "व्हय, त्योच सांगाय आलोय! आजारी हाय म्हनूनच आलोय! ऐकतीस का न्हाय?" पण दादासो तेवढ्यात इंदापूरहून येऊन गाडीवरून पेंड उतरवत होते. त्यांनी एवढेच पाहिले की गावड्यांचा कुंडलिक आमच्या अंगणात उभा राहून शिव्या देतोय. ते पुढे गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी कुंडलिकरावांच्या छातीवर जोराने ढकलले. कुंडलिकराव मागे जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर पडले. कपाळ फुटले. रक्त डोळ्यात उतरले.

त्यांच्या हातातला फोन माझ्या पायाशी आला. त्यातून आवाज येत होता, "काकू! काकू, तुम्ही आहात का? काय चाललंय तिथे?" सिस्टर गावड्यांच्या फोनात कशा? मी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "शिस्टर, मी सारजा."

सिस्टर म्हणाल्या, आधी काकांकडे जा. मी आत गेले. पती खाटेवर उशीला टेकून होते. तोंड निळसर झालेले, श्वासाला घरघर. नाव घेऊन हाक मारली तर "हं" एवढेच. त्याच्या थोडे आधी, चार वाजता मीच त्यांना पाणी दिले होते, तेव्हा बोलत होते. सिस्टरांनी क्लिप लावायला सांगितली. आकडा नव्वदच्या खाली. त्या म्हणाल्या, आडवे ठेवू नका, बसते करा, पाय खाटेखाली सोडा, लघवीची गोळी जादा द्या, गिळण्यापुरताच घोट द्या, वर पाणी अजिबात देऊ नका, मी ॲम्ब्युलन्सला सांगते. गोळी माझ्या कमरेच्या पिशवीत होती. पण पतींना बसते केले की ते मागे कलंडत होते. माझ्या एका हातात फोन, एका हातात गोळी.

मी दादासोंना हाक मारली. ते दारात उभे होते. घाबरले होते, हे मी मान्य करते. पण उभे होते. तेवढ्यात कुंडलिकराव त्यांच्या अंगावरून आत आले. डोक्याला टॉवेल दाबलेला. खाटेवर चढून ते पतींच्या मागे बसले आणि त्यांची पाठ आपल्या छातीला लावून धरली. मी म्हणाले, "कुंडलिकराव, तुमचं डोकं..." ते म्हणाले, "डोकं कुठं पळून जातंय? गोळी घाल त्याच्या तोंडात." मी गोळी घातली. सिस्टर फोनवरून विचारत राहिल्या, ओठ कसे दिसतात, आकडा किती आहे, बोलतात का. मी सांगत राहिले. आकडा हळूहळू वर सरकायला लागला. मध्येच पतींनी डोळे उघडून मागे कोण आहे ते बघायचा प्रयत्न केला. कुंडलिकराव म्हणाले, "पुढं बघ. मीच हाय. बरा हो, मग तुझी आयमाय काढतो." पतींच्या तोंडावर हसू आले होते का, ते मला नक्की सांगता येणार नाही. मला आले होते आणि मी रडतही होते.

ॲम्ब्युलन्स आली. मी पतींबरोबर बारामतीला गेले. कुंडलिकरावांनाही चला म्हणाले तर ते म्हणाले, "माझा कांदा बघू दे मला." नंतर भामाबाईंनी त्यांना पणदऱ्यात नेऊन टाके घालून आणले आणि तिथून ठाण्यावर नेले. त्यांनी कांद्याबद्दल आणि डोक्याबद्दल तक्रार दिली. दिली ते बरोबर केले. मी त्यांच्या जागी असते तर मीही दिली असती, आणि जरा मोठ्या आवाजात.

पती आता धोक्याबाहेर आहेत. पाणी उतरते आहे. बुधवारी सकाळी मला सिमचे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "दादासोचं नाव घिऊ नगंस. धाकटा हाय माझा." मी त्यांचे तोंड पुसले, चादर नीट केली. आजारी माणसाशी भांडू नये. पण त्यांनी सांगितले म्हणून मी गप्प राहणार नाही, हे त्यांना माझ्या तोंडावरून कळले असावे.

बुधवारीच दुपारी दादासो दवाखान्यात आले. त्यांच्याबरोबर गावातले एक गृहस्थ होते, ज्यांना अशा कामाची सवय आहे. त्यांनी कागद आणला होता. आमच्याकडे समोरच्याने एक तक्रार दिली की आपण लगेच एक उलटी ठोकायची, म्हणजे पुढे दोन्ही मिटतात, अशी चाल आहे. त्या कागदात लिहिले होते की कुंडलिक गावडे फावडे घेऊन मारायला आले, आणि माझा हात धरून त्यांनी मला लज्जा वाटेल असे वर्तन केले. दादासो म्हणाले, "वैनी, तुमी फकस्त सही करा. बाईमाणसाचं आलं की त्यो आपसूक माघार घेतोय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी सत्तावन्न वर्षांची बाई. ज्या माणसाने डोक्यातून रक्त गळत असताना माझा नवरा छातीशी धरून बसता ठेवला, त्याने माझा हात धरला असे मी लिहून देऊ? माझ्या पदराची ढाल करून भाऊजी लपणार? मी तो कागद परत दिला आणि म्हणाले, "भाऊजी, हात तुमी उचलला. लाज मला कशापायी लावताय?" ते म्हणाले, उद्या तुम्ही ठाण्यावर जाऊन उलटे काही बोललात तर दादांच्या आजारपणात मी कुठेच नाही, विहीर नाही, ऊस नाही, गाडी नाही. मी म्हणाले, बरं. यापेक्षा जास्त बोलणे झाले नाही.

वस्तीवरचे आणखी चार जण म्हणाले, आपलेच दात, आपलेच ओठ, सोडून द्या. काहींचे म्हणणे पडले की सगळे त्या मोबाईलमुळे झाले, मोबाईलवर कुठं माणूस बरा होतो का, काटा आणि क्लिप दवाखान्याला परत करा. त्यांना मी सांगितले ते इथेही सांगते. मोबाईलने काही वाईट केले नाही. मोबाईल दोन दिवस बोंबलून सांगत होता. आम्ही त्याची जीभ उपटून विहिरीला लावली. आता ती जीभ कुणी उपटणार नाही, कारण फोन आता माझ्या कमरेला असतो आणि आंघोळीला जाताना मी तो उंच ठेवून कडी लावून जाते. नवऱ्यालासुद्धा देत नाही.

विचारल्यावरून सांगते की, विहिरीवरचा डबा आणि सिम कुंडलिकरावांनी ठाण्यात जमा केले आहे. तपासाला लागत असेल तोवर ठेवा. दवाखान्यात जाऊन मी नंबर बदलून रेश्माच्या सिमचा दिला आहे आणि समोर फोन लावायला सांगून तो माझ्याच कमरेला वाजतो याची खात्री केली आहे.

विचारल्यावरून सांगते की, बांध आमच्या पाण्याने फुटला. मुद्दाम कुणी फोडला नाही, पण नुकसान आमच्यामुळे झाले. पंचनाम्यात जे ठरेल ते आम्ही भरून देऊ. पतींच्या तोंडून मी तसे वदवून घेतले आहे.

विचारल्यावरून सांगते की, कुंडलिक गावडे यांच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. त्यांनी शिव्या दिल्या, त्या माझ्या नवऱ्याला दिल्या, त्यांचे ते बघून घेतील.

बाईंनी पेन थांबवून विचारले, "काकू, दिराचं नाव तुम्हीच घेताय, घरात राहायचंय तुम्हाला. विचार केलाय ना?" विचार केला आहे. पुढच्या आठवड्यात पतींना घरी सोडणार आहेत. पण सिस्टरांची अट आहे की माझा फोन लागला नाही तर पाच मिनिटांत घरी पोचेल अशा एका माणसाचा नंबर दवाखान्यात लिहून द्यायचा. नंबर नाही तर पेशंट घरी नाही. रेश्मा इंदापुरात, तिला यायला वेळ लागतो. दादासोंचे वर सांगितलेच. वस्तीवरच्या ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी आज नको, उद्या सांगतो, असे केले, कारण त्यांना दादासोंशी वाकडे नको. म्हणून काल संध्याकाळी मी बांध ओलांडून कुंडलिकरावांच्या दारात गेले. ते ओट्यावर बसले होते, डोक्याला पट्टी. मी उभ्या उभ्या विचारले. त्यांनी तोंड बांधाकडे फिरवले. मग म्हणाले, "लिव माझा नंबर. फोन आला तर येईन. पर एक ध्यानात ठेव, बोलणार न्हाय मी तुमच्याशी. बांधाचं बांधावर." भामाबाई आतून म्हणाल्या, "आवं, बोलल्याबिगर सांगणार कसं?" ते म्हणाले, "वरडून सांगीन."

तर विचार हा केला. ते पुन्हा कधीतरी ओरडत आमच्या अंगणात येतील. आज मी त्यांच्याबद्दल खोटे लिहून दिले, तर त्या दिवशी आमच्या दारात खरे सांगायला कोण येईल? मला माझा नवरा घरी आणायचा आहे. मी त्याला खोट्यावर आणणार नाही. दादासो माझे दीर आहेत, लेकरासारखे वाढवले आहे त्यांना, माझ्या लग्नात ते शाळेत होते. त्यांना शिक्षा व्हावी असे मला वाटत नाही. पण झाले ते झाले असे लिहिले पाहिजे.

हा जबाब बाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. मी चष्मा लावून सोबत बघत होते. एका ठिकाणी "अंगणात झटापट होऊन गावडे हे पडून जखमी झाले" असे आले होते. झटापट झाली नाही. झटापटीला दोन माणसे लागतात. ते वाक्य मी खोडायला लावले आणि तिथे "दादासो कोकरे यांनी दोन्ही हातांनी ढकलले" असे लिहून घेतले. खोडले तिथे बाजूला माझी सही केली आहे. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. अंगठा नको म्हणाले, सही येते मला.

सही,
सारजा बापूसाहेब कोकरे